चार प्रकार आणि एक कोरं पान

११ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७

बराकपूरहून परत. दोन दिवसांचं ट्रेनिंग. बँकेने नवीन अ‍ॅप काढलंय. ग्राहकाने विजेचं बिल भरलं की त्याला पॉइंट्स मिळणार, टाळ्या वाजणार, स्क्रीनवर फुगे उडणार. म्हणून आम्हा अधिकाऱ्यांना शिकवायचं, की गेम खेळणारी माणसं कशी असतात. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मला फुगे शिकवतायत! डोकं नुसतं फिरलं होतं. त्यात दोन्ही दिवस जेवायला खसखशीची भाजी. दोन्ही दिवस दुपारी झोप.

पण एक गोष्ट मात्र कामाची मिळाली. खेळाडू चार प्रकारचे. अचीव्हर: याला पॉइंट हवेत, ढाल हवी, भिंतीवर फोटो हवा. एक्स्प्लोरर: नवी वाट, नवा कोपरा. सोशलायझर: खेळ गेला खड्ड्यात, माणसं आणि गप्पा हव्यात. किलर: आपण जिंकण्यापेक्षा समोरचा हरला की याला बरं वाटतं. प्रकार कळला की माणूस पुढे काय करणार ते आधीच कळतं. तीस वर्षं माणसांशी डोकं फोडतोय. हे कुणी आधी का नाही सांगितलं?

ट्रेनर मुलगी शेवटी म्हणाली, की हे गेमपुरतंच आहे, एकाच माणसात चारही प्रकार असू शकतात, घरच्या लोकांवर वापरू नका. घाबरट. स्वतःच्या शस्त्राला धार आहे हे तिलाच माहीत नाही.

मग सगळ्यांची टेस्ट घेतली. माझा निकाल: किलर, ८७ टक्के. हॉल हसला. टेस्ट सदोष आहे. मी उभा राहून तिच्या स्लाइडमधल्या तीन चुका सगळ्यांदेखत दाखवून दिल्या. ती रडकुंडीला आली तेव्हा थांबलो. किलर असतो तर चौथीही दाखवली असती.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ११

घरात शांतता. आशा इथल्या मराठी मंडळात गेली आहे. दर रविवारी जाते, तीन तास. नुसत्या गप्पा.

मुद्द्याचं लिहितो. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली. रिक्वेस्ट ट्रान्सफरचं पोर्टल उघडलंय, शेवटची तारीख ३१ जानेवारी. पुणे मागायचं. धायरीचा फ्लॅट आठ वर्षं कुलपात आहे. ही शेवटची संधी. प्रश्न एवढाच, की आशा आणि मधुराला काय हवंय.

विचारण्यात अर्थ नाही. विचारलं की आशा काहीतरी बोलणार, त्यावर मला काहीतरी बोलावं लागणार, मग चहा गार होतो. नांदेड, जबलपूर, रायपूर, सिलिगुडी, कोलकाता. पाच बदल्या झाल्या, एकदाही विचारलं नाही, एकदाही काही अडलं नाही. पण या वेळी मी मनाने मोठं व्हायचं ठरवलंय. त्यांच्या आवडीचा पूर्ण विचार करणार. शास्त्रशुद्ध. न विचारता.

जाड रजिस्टर आणलं. प्रत्येकाला चार पानं. दोन रकाने: भाकीत आणि प्रत्यक्ष.

आशा: सोशलायझर. पुण्याच्या बहिणीशी, मंजुषाशी, फोनवर चाळीस-चाळीस मिनिटं. शिवाय मंडळ.

मधुरा: एक्स्प्लोरर. वय एकवीस. कॅमेरा घेऊन हिंडते.

शिबेनबाबू, घरमालक, खालचा मजला: किलर. शंका नाही. नऊ वर्षांपूर्वी बागबाजारात हे घर भाड्याने घेतलं, त्या दिवसापासून एकच विनोद चालू आहे. मराठ्यांना अडवायला आमच्या पूर्वजांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता, आणि शेवटी बर्गी, म्हणजे लुटारू मराठा, येऊन राहिला तो माझ्याच डोक्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. पोस्टमनलाही सांगून झालं.

श्यामराव, मंडळाचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म इथलाच: अचीव्हर. ऑफिसात त्यांचे स्वतःचे सात फोटो. मी मोजलेत.

शेवटचं पान: प्रमोद, निरीक्षक. ते कोरं ठेवलंय. निरीक्षकाला प्रकार नसतो. रजिस्टर फ्रिजवर, जुन्या पेपरांखाली. ही डायरी मात्र ऑफिसच्या बॅगेत, कुलपात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मंडळात हळदीकुंकू. भाकीत: आशा चारला जाणार, आठपर्यंत येणार नाही. सोशलायझरला एवढ्या बायका म्हणजे पर्वणी.

प्रत्यक्ष: सव्वापाचला घरी! तिळगूळ दिले, वाण दिलं, आली. मी विचारलं, एवढ्या लवकर कशी. म्हणाली, तिथे फार गलका होता, डोकं दुखायला लागलं, म्हणून येताना घाटावर एकटीच बसले होते थोडा वेळ.

एकटी! घाटावर! काय अर्थ आहे याला? मी रजिस्टरात रकाना आखून बसलोय आणि ही घाटावर बसते. रागाने तिळाची वडी चावली, दाढ दुखावली.

नोंद: सोशलायझरलाही अधूनमधून विश्रांती लागते. भाकीत तत्त्वतः बरोबर.

१८ जानेवारी, शनिवार

मधुराला घेऊन बाहेर खायला. मुद्दाम नवीन हॉटेल शोधलं. मेन्यूत सात देशांचे पदार्थ. भाकीत: कोरियन काहीतरी मागवणार.

दारातूनच परत फिरली. म्हणाली, बाबा, तू इथे खा, मी आपल्या कोपऱ्यावरचा एग रोल खाणार. नऊ वर्षं तोच एग रोल! त्याच गाडीवरचा! तो माणूस तिला बघितलं की न विचारता कांदा कमी घालतो. ही एक्स्प्लोरर? मी रस्त्यातच चिडलो. आवाज चढला असावा, कारण रोलवाल्याने मला स्टूल दिलं. मधुरा म्हणाली, बाबा, आधी पाणी खा, मग बोल.

पाणी खा म्हणे. इथे वाढलेल्या पोरीचं मराठी हे असं. पुण्याला जाणं किती गरजेचं आहे त्याचा हा आणखी एक पुरावा. नोंद केली.

२२ जानेवारी, बुधवार

पाण्याचा पंप चार दिवस बंद. भाकीत: शिबेनबाबू दुरुस्त करणार नाही, उलट मलाच दोष देणार, कारण माझ्या हालांतच त्याचा आनंद. अकरा मुद्दे कागदावर काढून खाली गेलो.

म्हातारा दारातच म्हणाला, की मेकॅनिक सकाळीच येऊन गेला, पाणी चालू आहे, दादा, बसा, नव्या गुळाचा संदेश आलाय.

संदेश खाल्ला. अकरा मुद्दे तरीही वाचून दाखवले. तयारी वाया का घालवू? म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि पाचव्या मुद्द्यात तारीख चुकली आहे एवढंच सांगितलं. बघा! किलर तो किलरच. भाकीत शंभर टक्के बरोबर.

२६ जानेवारी, रविवार

आशा मंडळातून आली. पदराला खडू. रांगोळी काढत असणार, बायकांना काम काय. काल अकरा वह्या आणि एक डझन पेन्सिली आणल्या. विचारलं नाही. सोशलायझरला भेटी द्यायला आवडतात, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

जेवताना म्हणाली, की पोर्टल उघडलंय ना या महिन्यात. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं. मग थांबली. मी आमटी वाढून घेतली. ती अजून थांबलीच होती. मी म्हटलं, आमटी छान झाली आहे. मग ती ताटं उचलायला लागली.

बरं झालं, विषय निघाला आणि भांडण न होता संपलाही.

३१ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३.४०

भरला! पसंती एक: पुणे. पसंती दोन: पुणे. पसंती तीन: कोरी सोडता येत नव्हती, परत पुणे.

शेवटी एक चौकोन: 'कुटुंबाशी विचारविनिमय केला आहे.' टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. टिक केली. खोटं नाही. लोक दोन मिनिटं विचारतात आणि टिक करतात. मी वीस दिवस अभ्यास केलाय. एवढा विचारविनिमय या बँकेत आजवर कुणी केला नसेल.

घरी जाताना शीळ घालत गेलो. आशाने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळाने फ्रिजवरचे पेपर आवरत होती. रद्दीवाला येणार असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

सरस्वती पूजा. सगळं शहर पिवळं. डोळे दुखले. शिबेनबाबूकडे पूजा, त्याच्या चार वर्षांच्या नातीची हातेखोडी. म्हणजे सरस्वतीसमोर पोराचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढून घेतात. ते काम भटजी करतो किंवा घरातलं वडीलधारं माणूस.

शिबेनबाबूने भटजीला बाजूला बसवलं आणि आशाला बोलावलं! म्हणाला, या घरात मास्टरीण एकच आहे. आशा पाटावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं, हात धरून बंगाली अक्षर काढलं. मला वाटलं होतं हिला बंगाली फक्त भाजीपुरतं येतं. म्हातारा डोळे पुसत होता.

किलर रडतो? कुठल्या पुस्तकात बसतं हे? या माणसांना एका जागी धड राहायला नको. आणि मास्टरीण काय, मास्टरीण? गंमत करत असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

मंडळाची वार्षिक सभा. गेलो नाही. अचीव्हर खुर्ची सोडत नसतो, श्यामराव पुन्हा अध्यक्ष होणार, मग जाऊन टाळ्या कशाला वाजवा.

सायंकाळी बातमी कळली ती शिबेनबाबूकडून. घरमालकाकडून! श्यामरावांनी अध्यक्षपद सोडलं. आणि मुलांचा रविवारचा मराठी वर्ग, पुस्तकांचं कपाट, किल्ल्या, सगळं आशाच्या हवाली केलं. म्हणे दोन वर्षं वर्ग तीच चालवते. अकरा पोरं आहेत. शिबेनबाबूला माहीत, खालच्या इस्त्रीवाल्याला माहीत. मला नाही!

वर आलो आणि फार चिडलो. म्हटलं, तू गप्पा मारायला जातेस असं का नाही सांगितलंस. म्हणजे मला म्हणायचं होतं, शिकवायला जातेस असं. आशा म्हणाली, की सांगितलं होतं, पहिल्याच रविवारी. तुम्ही तेव्हा क्रिकेट बघत होतात आणि म्हणालात, जा, गप्पा मार, जिवाला बरं वाटेल.

मला आठवत नाही. म्हणजे म्हणालो नसणार.

ते सात फोटोही एकदा नीट बघावे म्हणतो. मधुरा सांगत होती की सगळे वर्गाचे आहेत, श्यामराव कुठेतरी मागच्या रांगेत उभे असतात.

१ मार्च, शनिवार

मंजुषाला फोन. तिला गुपचूप सांगितलं, पुण्याला येतोय, आशाला सरप्राइज आहे, बोलू नकोस. भाकीत: ती आनंदाने ओरडणार.

तिने मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, भावजी, आधी आशाताईला विचारा. मी म्हटलं, सगळा अभ्यास झालेला आहे. ती म्हणाली, अभ्यास नको, विचारा. मी फोन ठेवला. मेहुणीने मला शिकवायचं? तिलाही रजिस्टरात पान दिलं. किलर.

४ एप्रिल, शुक्रवार

ऑर्डर आली! पुणे! तीनदा वाचली. ३० एप्रिलला रिलीव्ह. केबिनचं दार लावून एकटाच हसलो. नंतर टाळी वाजवली, तीही एकट्यानेच.

घरी सांगितलं नाही. परवा मंडळाचा पाडवा आहे. पाडवा होऊन आठवडा झाला, पण आमच्या मंडळात निम्मी मंडळी बँकेतली. ३१ मार्चच्या इयर-एंडला कुणाला मान वर करायला वेळ नसतो, म्हणून दरवर्षी हिशेब मिटल्यावरच्या रविवारी गुढी दुसऱ्यांदा उभी राहते. दोनशे माणसं येतात. तिथेच माइकवरून जाहीर करणार.

भाकितं लिहून काढली. आशा: डोळ्यांत पाणी, आनंदाचं. मधुरा: उडी. श्यामराव: आधी मत्सर, मग शाल. बाकीचे: टाळ्या, किमान एक मिनिट.

६ एप्रिल, रविवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो. क्रमाने.

मला मागे बसवलं. पुढच्या खुर्च्या पालकांसाठी म्हणे. एका चिमुरडीने येऊन विचारलं, की तुम्ही आशामावशींचे मिस्टर का. तीस वर्षं नोकरी केली, आता मी मिस्टर.

अकरा पोरांनी नाटुकलं केलं. पाणी खाणाऱ्या, भात पिणाऱ्या पोरांनी अर्धा तास घडाघडा मराठी बोलून दाखवलं. एक मुलगा वाक्य विसरला, तर आशा विंगेतून ओठ हलवत राहिली, आणि त्याला आठवलं. हॉल उभा राहिला. मीही उभा राहिलो, पुढचं दिसत नव्हतं म्हणून.

मग श्यामराव आशाबद्दल बोलायला उठले, आणि मला वाटलं, हीच वेळ. स्टेजवर गेलो. माइक घेतला. श्यामरावांच्या हातातून घेतला असं मधुरा म्हणते, मला तर त्यांनी दिल्यासारखा वाटला. म्हटलं, मंडळी, आनंदाची बातमी, आमची पुण्याला बदली झाली, पुढच्या महिन्यात आम्ही सगळे घरी चाललो!

टाळ्या नाहीत.

दोनशे माणसं आणि पंख्यांचा आवाज. मला वाटलं माइक बंद पडला. पुन्हा म्हटलं, पुण्याला! मग पहिल्या रांगेतल्या चिमुरडीने आईला विचारलं, मग आमचा वर्ग कोण घेणार. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. श्यामराव चष्मा काढून पुसत राहिले. मधुरा कॅमेरा खाली ठेवून बाहेर निघून गेली.

आशा गुढीजवळ उभी होती. माझ्याकडे बघितलं. मग माइक घेतला आणि म्हणाली, की श्रीखंड आणि पुऱ्या तयार आहेत, लहान मुलांनी आधी बसावं.

एवढंच! दोनशे माणसांसमोर माझी ही किंमत! श्रीखंडाचं आग्रहाने कुणी विचारलं नाही. स्वतः वाढून घेतलं.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ६

काल घरी आल्यावर बोलणं झालं. आशा म्हणाली, मी येणार नाही. आवाज न चढवता. मधुरा म्हणाली, मीही नाही, माझं इथेच कॉलेज आहे आणि आई इथे आहे.

मी चिडलो. फार चिडलो. म्हटलं, मी हे सगळं कुणासाठी केलं, घर तिथे, बहीण तिथे, माणसं तिथे, तू सोशलायझर आहेस! तो शब्द बाहेर पडला. ती म्हणाली, मी काय आहे ते राहू दे. पाच गावं तुमच्यामागून आले, एकदाही विचारलं नाहीत. माझी नांदेडची नोकरी सोडली, तेव्हाही नाही. या वेळी विचारलं असतंत तर वर्ग कुणावर तरी सोपवून आले असते. आता नाही येणार.

हे कुठलं लॉजिक? विचारलं असतं तर आलेच असते, म्हणजे यायची तयारी होती. तयारी होती म्हणजे माझं भाकीत बरोबर होतं. बरोबर होतं तर ये ना! मी हे चार वेळा समजावून सांगितलं. चौथ्या वेळी ती पोळ्या लाटायला गेली होती.

मला इतका राग आला आहे की पेन कागदातून आरपार जातंय.

७ एप्रिल. दुपारी

ऑर्डर रद्द करण्यासाठी एच.आर.ला मेल. कारण: कौटुंबिक. चाळीस मिनिटांत उत्तर. एरवी चाळीस दिवस लावतात. 'आपण कुटुंबाशी विचारविनिमय केल्याचं स्वतः नमूद केलेलं असल्याने या कारणास्तव विनंती मान्य करता येत नाही.'

हे उत्तर लिहिणारा नक्कीच किलर.

१९ एप्रिल, शनिवार

आशा माझी बॅग भरते आहे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत. लोकरीचे मोजे, कारण धायरीला पहाटे गार असतं म्हणे. कुकर. तांदळाच्या डब्यावर नाव, डाळीच्या डब्यावर नाव. मी म्हटलं, इतकं कशाला, महिनाभरात तू येशीलच. ती म्हणाली, हे मसाल्याचं, ओला चमचा घालू नका.

रजिस्टर बॅगेत टाकलं. संशोधन अर्धवट सोडायचं नाही. शेवटचं भाकीत लिहिलं: सोशलायझर गाडी सुटताना चढणार. दोन बर्थ बुक केले.

शिबेनबाबू संदेशाचा डबा घेऊन वर आला. म्हणाला, की बर्गी परत चालला, आणि आम्हाला खंदकही खणावा लागला नाही. मग हसलाच नाही. माझा हात धरून उभा राहिला. मला अशा लोकांचा राग येतो. आधी ठरवा काय ते.

३ मे, शनिवार

हावडा. आशा आणि मधुरा पोचवायला आल्या. आशाने पाण्याची बाटली दिली, गोळ्यांची डबी वरच्या कप्प्यात आहे सांगितलं. शिट्टी झाली. मी दारात उभा राहून जागा सोडली, तिला चढता यावं म्हणून. गाडी हलली. आशाने हात केला. मधुरा म्हणाली, बाबा, वेळेवर खा.

समोरच्या रिकाम्या बर्थवर टी.सी.ने एका पैलवानाला बसवलं. नागपूरपर्यंत घोरला. आशाचा बर्थ. मी टी.सी.शी भांडलो. तो म्हणाला, प्रवासी आलाच नाही तर बर्थ दुसऱ्याला मिळणारच, काका.

५ मे, सोमवार

जॉइन झालो. फॉर्ममध्ये: कुटुंब सोबत आहे का. नाही. कारण. ते कोरं सोडलं, फॉर्म पुढे सरकला. इथे सरकतो!

फ्लॅटमध्ये धूळ. शेजाऱ्याने विचारलं, एकटेच का. त्याला प्रकार द्यायचा कंटाळा आला.

११ मे, रविवार. सकाळी ११

सुट्टी. डाळ-भात करायचा. आधी रजिस्टर काढलं. म्हटलं, सगळ्या भाकितांचा निकाल लावून टाकू. चुकलेली: अनेक. तत्त्वतः बरोबर: सगळी. पानं उलटत शेवटपर्यंत आलो.

निरीक्षकाचं पान कोरं नाही.

पेन्सिलीने. आशाचं अक्षर, पोरांना वळण लावायचं असतं तसं गोल. एकच ओळ. तारीख १२ जानेवारी, म्हणजे रजिस्टर आणलं त्याच दिवशी.

भाकीत: या वेळी मला विचारतील. मुदत ३१ जानेवारी.

प्रत्यक्षच्या रकान्यात, ३१ जानेवारीची तारीख घालून: चुकलं.

डोक्यात सणक गेली. माझं रजिस्टर! माझं पान! मला न विचारता लिहायचं म्हणजे काय? माणसाला आधी विचारायला नको?

हे वरचं वाक्य दोनदा वाचलं.

११.३५

कुकर गॅसवर चढवला आणि आशाला फोन लावला. तिचा वर्ग चालू असणार, तरी लावला. उचलला. मागे पोरं काहीतरी एका सुरात म्हणत होती. म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, विचारायचं होतं. ती म्हणाली, विचारा. मागे पोरांचा आवाजही कमी झाला, तिने हात केला असावा. थांबली. त्या आमटीच्या दिवशी थांबली होती तशी.

मी विचारलं, डाळीला शिट्ट्या किती.

ती म्हणाली, चार. मग म्हणाली, आणखी काही विचारायचं होतं का.

मी म्हटलं, नाही.

फोन ठेवून तिथेच उभा होतो. कुकरकडे लक्ष गेलं तेव्हा घरभर करपल्याचा वास होता. शिट्ट्या मोजायच्या राहूनच गेल्या.